पिल्लांची आंबील

तारिहाळच्या बसस्टॉपवर उभी होते. पाय तुटत होते, डोकं भणभणत होतं आणि पावसाची भुरभुर काही थांबत नव्हती. तेवढ्यात शेजारी एकजण येऊन उभा राहिला. कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी... त्यातून गुलाबी नाक बाहेर आलं. डुकराचं पिल्लू!

"मॅडम, तुम्ही खाद्याच्या कारखान्यातल्या ना?" माझ्या कोटावरचं कारखान्याचं नाव वाचत तो म्हणाला. "तुमचंच खाद्य घालतोय. आईपासून तोडल्यावर दहाही पिल्लांना हगवण लागलीय. डॉक्टरांकडूनच येतोय, पण गुण नाही बघा."

बाई गं! दिवसभर तेच खाद्य तपासून आले होते मी. सरळ बस पकडायची होती. पण त्याचे डोळे माझ्याहून जास्त दमलेले होते. बस आली, गेली — मी तिथंच.

त्याचं नाव प्रशिक. त्याची डुकरांची शेड स्टॉपच्या मागच्याच वाटेवर. मागच्या खेपेची निम्मी पिल्लं गेली होती, आता भाऊजी वास्कोला नोकरीला बोलावत होते. "रविवारी कळवायचंय. ही पण गेली तर शेडला कुलूप," तो म्हणाला.

"खाद्य कसं घालता?"

"गरम गरम, मऊ शिजवून. लहान आहेत की हो! आई आम्हाला आंबील द्यायची ना, तसं."

शेडवर पोचलो तर चुलीवर पातेलं रटरटत होतं. मी कपाळाला हात लावला.

"अहो, त्यात पोटाला चांगले असे जिवंत जंतू घातलेत! आईचं दूध सुटलं की पिल्लांचं पोट बिघडतं, तेव्हा तेच सांभाळून घेतात. उकळत्या दुधात विरजण घालता का कधी?"

तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं. आणि खरं सांगू? पिशवीवरच्या सूचना मीच लिहिल्या होत्या. बारीक अक्षरात, नुसत्या इंग्रजीत. तेही त्याला सांगून टाकलं.

मग रोज संध्याकाळी मी शेडवर. कोरडं खाद्य, थोडं थोडं, पाच वेळा. शेजारी स्वच्छ पाणी. वजनासाठी पिल्लू पोत्याच्या झोळीत घालायचं आणि ताणकाट्याला लटकवायचं. त्याचं ते किंचाळणं — देवा, कान किटायचे.

"मॅडम, आकडा सांगा की."

"आरुषी म्हणा. सात किलो... दोनशे."

"काटा इकडं आहे. तुम्ही कुठं बघताय?"

"पिल्लाकडे!"

"पिल्लू पण इकडंच आहे, आरुषी."

मी वहीत तोंड खुपसलं. इतकी दमलेली असूनही हसू येत होतं, त्याचाच राग यायचा.

गुरुवारी सगळ्यात लहान पिल्लू गेलं. मी कोपऱ्यात तोंड फिरवून रडले, डोळे पुसले आणि पुढचं पिल्लू झोळीत घेतलं. प्रशिकनं काटा धरला.

रविवारी नऊ वजनं झाली. नऊच्या नऊ वाढलेली! हगवण बंद. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण मी खाद्याच्या पोत्यावर मटकन बसले. आज तो वास्कोला कळवणार होता.

"भाऊजींना कळवलंत?"

"कळवलं."

"काय—?" त्यानं तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "जाऊ नका. पिल्लांसाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणतेय. तुम्ही गेलात तर मला सहन होणार नाही."

तो समोर उकिडवा बसला.

"गुरुवारीच नाही म्हणून सांगितलं."

"गुरुवारी? गुरुवारी तर पिल्लू गेलं!"

"होय की. तेव्हा बाकीची जगतील का, तेही माहीत नव्हतं. पण तुम्ही रडून झाल्यावर पुन्हा झोळी उचललीत... त्यानंतर मला वास्कोला जायचं मनच होईना."

"आणि तीन दिवस मला सांगितलं नाहीत? माझा जीव टांगणीला!"

"सांगितलं असतं तर आपलं काम झालं म्हणून तुम्ही यायचं बंद केलं असतं. मला भीती वाटली."

"मूर्ख आहेस तू, प्रशिक," मी म्हणाले. त्यानं माझा खाद्यानं माखलेला हात हातात घेतला आणि मी तो सोडवला नाही.