एक पाय अनवाणी

तो भेटला धुळीच्या वादळात. मी विहिरीच्या कट्ट्याआड तोंड झाकून बसले होते... आणि कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकून शेजारी शिरलं.

"हलू नकोस. दोघं मावतो."

"शी! तुम्हा अरबांच्या घोंगडीला उंटाचा वास येतो."

"आणि तुम्हा अमाझीग पोरींची जीभ बाभळीसारखी टोचते!"

मी हसले, आणि तिथेच फसले. मग रोज दुपारी, गाव झोपलं की, भरलेली घागर रिकामी करून मी विहिरीवर जायची. त्याचं नाव सुवेलम. त्यांचे तंबू किती वर्षांनी इकडे आले होते. घराणं मात्र मी विचारलंच नाही.

विचारायला हवं होतं. आजोबांच्या काळी त्यांच्या अरब आणि आमच्या अमाझीग टोळीचा तह झाला, तेव्हा प्रत्येक पुरुषाने एकेक वहाण काढून दिली. चादरीखालून त्यांच्या जोड्या काढल्या. ज्यांच्या वहाणा जुळल्या, ती घरं कायमची भावंडं. त्यांच्यात लग्न नाही. आणि एकाने काही मागितलं, तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

"खजूर उतरले की बाबा तुमच्या दारी येतील," एके दुपारी सुवेलम म्हणाला. "चालेल ना, तूदा?"

"बघू... विचार करते." विचार कसला डोंबलाचा! मी तर मनाने कधीच त्याच्या तंबूत पोचले होते.

तेवढ्यात वारा पडला. उंट विहिरीपासून मागे सरले. आमची पावलं वाऱ्याने केव्हाच पुसली होती, पण वाळूत दोन माणसांची ताजी पावलं होती, थेट आमच्यापर्यंत आलेली. दोघांचाही एक पाय वहाणेत, एक अनवाणी.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "तुझ्या आजोबांचं नाव काय रे?"

"हम्मादी. जाऊन खूप वर्षं झाली. का गं?"

आमच्या खुंटीवर माझ्या वारलेल्या आजोबांच्या वहाणेला बांधलेली दुसरी वहाण हम्मादींचीच होती. मी त्याला ते सांगितलं.

"म्हणजे तू... बास्सूंची नात?" त्याचा चेहरा उतरला.

मागे वाळू करकरली. मी वळले नाही.

"आता तू काहीही माग, सुवेलम," मी म्हणाले. "मला नाही म्हणता येणार नाही." माग ना रे... 'चल' म्हण!

 त्याने वाळूतल्या त्या पावलांकडे पाहिलं.

"पाणी दे," तो म्हणाला.

मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते पिऊन तो उंट घेऊन निघून गेला. वाळूत त्याच्या पावलांशेजारी एक म्हातारा चालत गेला.

दुसरा माझ्याबरोबर घरापर्यंत आला.