साखर-खो

रोजचाच नाश्ता, रोजचंच इन्सुलिन, आणि मी तर चौकोनात नुसती बसले होते! मग माझी साखर गेली कुठे?

मी केतकी, इयत्ता नववी. सन २०४८, फलटणचं खो-खो शिबिर. मला मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन (रक्तातल्या साखरेला पेशींचं दार उघडून देणारं संप्रेरक) बनवत नाही, म्हणून मी ते बाहेरून घेते. माझ्या दंडावरचा संवेदक (साखर मोजणारी टिकली) टिटवीला आकडे पाठवतो. टिटवी म्हणजे आमची यंत्रमानव. साखर घसरली की अशी केकाटते की बास!

काल ती केकाटली. माझे हात थरथरत होते, घाम फुटला होता. पण खो मिळायच्या आत उठलं तर फाऊल! मी हट्टानं बसून राहिले, आणि चक्क आडवी झाले.

ग्लुकोज खाऊन ताळ्यावर आले, तर आमच्या प्रशिक्षक भोसले बाई म्हणाल्या, "उद्या अंतिम सामन्यात तू गुण मांडायला बस. मला ही जोखीम नको."

मला रडूच आलं. "टिटवे, मी धावतसुद्धा नव्हते गं!"

"त्याआधी वीस मिनिटं धावलीस ना? स्नायूंची साखरेची कोठारं रिकामी झाली. तू बसलीस, तरी ते रक्तातून साखर ओढून कोठारं भरतच राहिले. त्यात इन्सुलिन रोजच्याइतकंच. दोघांनी मिळून साखर पळवली."

माझी मैत्रीण रुखसार उसळली, "पण बाई, हिला उठायला खो लागतो ना? मग साखर घसरली की आपणच देऊ, साखर-खो!"

बाई हसल्या. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी खेळाआधीचं इन्सुलिन किती कमी करायचं ते सांगितलं. साखर-खोला फाऊल नाही, हे समोरच्या संघानंही मान्य केलं.

आज सामन्यात साखर घसरायला लागताच टिटवी ओरडली, "बाण खाली!" लगेच पाठीवर रुखसारची थाप. "साखर-खो!"

मी उठले, बदली खेळाडू आत. ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या. पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. केवढी लांबलचक पंधरा मिनिटं ती! शेवटी टिटवी म्हणाली, "एकशे अठरा, बाण सरळ. पळ!"

शेवटच्या डावात मी खांबापाशी सूर मारला. गडी बाद!

तरी एका गुणानं हरलो. मी धूळ झटकत होते, तेवढ्यात समोरच्या संघाची कर्णधार आली. "आमच्या गावात एक आहे, भन्नाट पळते. पण मधुमेह म्हणून घरच्यांनी पाठवलीच नाही. तुमचा तो साखर-खो मला शिकवशील?"

"शिकवते! पण पुढच्या वर्षी तिला आणायचंच हं. बघूच माझ्यापुढे किती पळते ती!"