लांबलेली लढाई

“तुमची होडी चिखलात रुतली.”

बाबांनी वहीतून मान वर केली. साल त्रेपन्न. मालवणच्या किनाऱ्यावर, पालथ्या होडीच्या सावलीत बसून ते आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवत होते. पलीकडे मासे सुकत घालणारी मुलगी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“कुठली होडी?”

“तुमच्या शिपायाची. अवसेच्या फाटफटी खाडयेत पाणी खंय आसता? सुकती नाय?”

“ओहोटी इथली. ही ब्रह्मदेशातली खाडी आहे.” बाबा धामापूरचे शेतकरी, लढाईवरून परतलेले, पण लेखक झाल्यापासून पुस्तकातल्यासारखं बोलायचे.

“थंय चंद्र येगळो आसा?”

“खरं तर… आम्ही ती भरदुपारी ओलांडली. पण पहाट शोभते.”

“शोभेर होडी तरंगता?”

ही माझी आई, मथुरा. बाबा ही गोष्ट नेहमी तिच्यासमोर सांगत, आणि ती नेहमी दुरुस्त करी. यंदा बाबा गेले. आता ती काहीच दुरुस्त करत नाही, म्हणून मी जपून लिहिते आहे.

पुढे प्रत्येक प्रकरण आधी तिला ऐकवायचं ठरलं. सर आली की दोघं मिळून मासे गोळा करायची, बोटाला बोट लागायचं — आणि त्या संध्याकाळी बाबांचा शिपाई हमखास पुन्हा शत्रूच्या हाती सापडायचा. कादंबरी संपली, तर ही ऐकायला येणार कशाला?

“तुमची लढाय कधी संपतली?” एकदा तिनं विचारलं. “दाजी माझी सोयरीक बांद्याक जमयतत. सोमवारी माणसां येतली.” दाजी म्हणजे तिचे वडील.

“शेवट… सुचत नाही.”

“तुमचो शिपाय तोफांक भियणा नाय. आणि तुमी दाजींक भियतात?”

दुसऱ्या दिवशी बाबा जुना गणवेश चढवून तिच्या अंगणात उभे राहिले. दाजी जाळं सांधत होते.

“माका… मथुरेशी लगीन करूचां आसा.” पुस्तकी भाषा कुठल्या कुठे पळाली होती.

दाजींनी मान वर केली नाही. “पोहूक येता?”

“नाय.”

“मगे मथुरा सांगता ती ब्रह्मदेशातली खाडी कशी पार केलंस?”

“होडयेत बसान… डोळे मिटान.”

आतून आई म्हणाली, “ह्यां पुस्तकात नाय हां, दाजी.”

“म्हणजे खरां आसा.” दाजींनी जाळ्याचं दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं. “घट धर रे. आमच्या जावयाक ह्यां येवक व्हयां.”