चौदा किलो दोनशे

पवनीत भैय्यालालच्या धानाच्या काट्याबद्दल दोन मतं होती. त्याच्या हिशेबाबद्दल एकच. थोरल्या बहिणीच्या मागे राहिलेली बिलंही तो तिच्याच सामानातून भागवत होता. लोक म्हणत, "एवढा पैसेवाला, अन् बहिणीची शिलाई मशीन विकून राहिला!" लोकांना काय ठाऊक, कुसुमताईनं दवाखान्यात त्याचं मनगट धरून काय सांगितलं होतं.

"भैय्या, माह्या मागं तुह्या गल्ल्यातला एक रुपया लावू नको. मले तुही उधारी नाही पाहिजे."

आईविना वाढलेल्या भावाला जिनं दहा वर्षं रांधून घातलं, तिचा हा शेवटचा शब्द. तिच्या बँकेतलं सगळं औषधांत गेलं. मशीनच्या पैशांत दूधवाला आणि नळपट्टी मिटली. उरलं विजेचं बिल, नऊशे चाळीस. आणि उरलं एक भरलेलं सिलिंडर, सीलसुद्धा न तोडलेलं. शेजारची वच्छला ते तेवढ्यालाच घ्यायला तयार होती, पण तिचे पैसे शुक्रवारी येणार होते.

न मोजता माल देणं भैय्यालालच्या रक्तातच नव्हतं. सोमवारी त्यानं दुकानातला छोटा काटा ताईच्या स्वयंपाकघरात आणला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच लिहिलेलं होतं, ते वजा केलं. गॅस चौदा किलो दोनशे. चोख.

बुधवारी जाता जाता पुन्हा चढवलं. तीनशे वीस ग्रॅम कमी.

आधी त्यानं काट्यावर संशय घेतला. वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. मग साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. सील जागच्या जागी. घराची किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला. शेगडीवर बोटानं रेघ ओढावी एवढी धूळ.

गुरुवारी आणखी एकशे साठ.

ओट्याला टेकून त्यानं भागाकार केला. रोजचे एकशे साठ, म्हणजे एकोणनव्वद दिवस. ताईचं सिलिंडर तीन महिने जायचं. त्याचं तिला कोण कौतुक! "तुह्या घरी महिन्यात उडते. माह्या घरी पाह्य."

त्याला भ्यायला हवं होतं. तो पाट ओढून चुलीसमोर बसावं तसा शेगडीसमोर बसला.

"ताई?"

काही नाही. फक्त ओट्यावरच्या भाताच्या गंजाचं झाकण उचललं, तर आतून ओलं होतं.

शुक्रवारी दुपारी पुन्हा एकशे साठच. तेवढ्यात वच्छला पैसे घेऊन दारात.

"सिलिंडर नाही देत," भैय्यालाल म्हणाला.

"काहून? चार दिवसांत भाव वाढला का, भैय्याजी?"

"भाव नाही. लागते ते."

"कोणाले लागते? घराले तर कुलूप!"

त्यानं दाराला कुलूप लावलं. वच्छला गेल्यावर दुकानात जाऊन त्यानं गल्ला उघडला, नऊशे चाळीस मोजले आणि रांगेत उभा राहून विजेचं बिल भरलं. पावती घेऊन परतताना तो ताईच्या घराकडे बघू शकला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिचा शब्द मोडला होता.

शनिवारी दुपारी काट्यावर सिलिंडर चढवलं.

एका दिवसात तीनशे वीस.

त्यानं दोनदा मोजलं. दुप्पटच.

घरी आला तेव्हा बायकोनं, करुणानं, ताट वाढलं होतं. त्याला घास जाईना. पोट भरलेलं होतं, नीट, मायेनं भरलेलं.

"अजी, जेवूनच येता तर सांगाचं तरी," बायको म्हणाली. "काल रातीपासून ताट तसंच वापस करून राहिले."

"मी कुठं जेवलो?"

करुणानं त्याचा उजवा हात धरून उजेडात नेला. नखं पिवळी झाली होती. तिनं वास घेतला.

"लाखोरीच्या डाळीचं वरण. आपल्या घरी कोणी करत नाही. ताईच करत."

तिनं हात धुवायला तांब्या पुढे केला. भैय्यालालनं हात मागे घेतला, मूठ मिटली.

करंगळीच्या बेचक्यात भाताचं एक शीत चिकटलं होतं. अजून कोमट होतं.