दुपट्ट्याखालचा भाव

परीक्षक साहेब, तुम्ही माझा खेळ न खेळताच नव्या खेळांच्या स्पर्धेतून काढलात. कागदावर लिहिलंत, 'मुलामुलींसाठी अशोभनीय.' पत्त्यांवरच्या शेअर बाजारात तुम्हाला अशोभनीय दिसला तो एक दुपट्टा. मग त्याची गोष्ट ऐकाच.

एप्रिलमधली दुपार. नागपुरात सीताबर्डीच्या एका प्रेसमध्ये मी माझ्या खेळाचे पत्ते कापून घेत होते. बिलबुकं न्यायला आलेल्या एका उंच मुलानं, न विचारता, माझा एक पत्ता उचलला, शेजारचा नियमांचा कागदही वाचला.

"कोळशाचा शेअर दहा रुपये? सावनेरच्या खाणीतला माझा मामा ऐकन त रडन."

"ठेवा खाली. शाई ओली आहे."

"अन् खेळ कोरडा. भाव सगळ्यांसमोर बोलता, मंग मजा कशाची?"

राग आला... कारण खरं होतं. एकानं भाव बोलला की दुसरा रुपयानं चढवायचा. दहा मिनिटांत सगळे जांभया द्यायचे.

दुर्गेश त्याचं नाव. त्याचे नानाजी कुही तालुक्यात बैलांचे दलाल होते. त्यानं उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, काउंटरवर पसरला.

"नानाजी भाव तोंडानं नाही सांगत. हात झाकायचे. एक बोट दाबलं, दहा रुपये. पाचही एकदम धरले, त जवळचं सगळं लावलं. बाकीच्यायनं चेहरा पाहून ओळखाचं. टाका हात."

मी टाकला. त्यानं तीन बोटं दाबली, मी चार. सौदा मधोमध पस्तीसवर ठरला तरी हात मात्र — तिथंच. प्रेसवाले देवाजी खोकले, तेव्हा कुठं हात सुटले.

मग दर रविवारी फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही खेळ घासूनपुसून नीट केला. नियम केला : बघणाऱ्यानं भाव ओळखला, तर शेअर त्याचा, अर्ध्या किमतीत. माझा चेहरा कोरा राहायचा. दुर्गेशचा कानापर्यंत लाल.

"काहून हरतं गा तू रोज?"

"समोर तू नको बसत जाऊ न मंग."

आणि परवा तुम्ही आम्हाला स्पर्धेच्या हॉलबाहेर काढलं. आम्ही पायरीवरच डाव मांडला. वीसेक जण जमले. शेवटचा सौदा संत्र्याचा — बाजारात सगळ्यांत पडलेला शेअर. दुपट्ट्याखाली दुर्गेशनं माझी पाचही बोटं धरली. मी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा कोरा होता.

मला वाचता येईना. आणि मला ते चालणार नव्हतं.

मी दुपट्टा उचलला.

"झाक वं, लोक पाहून राहिले..."

"पाहू दे. हे खेळातलं होय का खरं? तोंडानं सांग."

त्याचे कान लाल झाले.

"खरं. एप्रिलपासून."

"मले वाटलंच. मग आता सोडू नको."

तुम्ही दारातच उभे होतात, साहेब. वर दुपट्टा नव्हता, हात तसेच होते, आणि आजही आहेत. यात अशोभनीय काय ते मला लेखी कळवा. मी वाट बघते आहे. उत्तर द्या.