घाटात रेंज नाही

"चार-चार फोन? एवढ्या जणांना एकाच वेळी नाही म्हणायचं असतं का?"

भूमिकाने दचकून मान वर केली. खापरच्या बाजारपेठेत बंद पडलेल्या जीपच्या बॉनेटवर तिने चारही मोबाईल ओळीने मांडले होते आणि ओढणीच्या टोकाने त्यांच्यावरचे थेंब टिपत ती पडद्यांवरचे आकडे बघत होती. श्रावण सरत आला होता, पण आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं. समोर एक पिकअप उभी होती. हौद्यातल्या मिठाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढता ओढता हे विचारणारा थांबला होता – उंच, सावळा, डोळ्यांखाली जागरणाची काळी रेघ असलेला... आणि तरीही हसणारा.

"या चौघांना मी विचारतेय, माझा आवाज येतो का," ती म्हणाली. "एकही धड उत्तर देत नाही."

"मग पाचव्याला विचारून बघा."

तिला हसू फुटलंच. "पाचव्याचं नाव काय?"

"तरुण."

"ते दिसतंय."

"कुठे दिसतंय? कानाजवळ केस पिकायला लागलेत!"

जीपचा मेकॅनिक संध्याकाळपर्यंत येणार नव्हता आणि भूमिकाला तर आजच घाट चढून मोलगीच्या बाजूला जायचं होतं. तरुणच्या वडिलांचं, शांतिलाल शेठचं, खापरला किराण्याचं दुकान. डोंगरातल्या आठवडी बाजारांना माल पोहोचवायचं काम तरुणचं. तोही तिकडेच निघाला होता.

"बसा," तो दार उघडून म्हणाला. "पण घाटात मी बोलत नाही. आधीच सांगून ठेवतो."

अक्कलकुवा मागे पडेपर्यंत त्याने तिला हसवून हसवून बेजार केलं. मग चढ लागला आणि त्याचा फोन वाजला. "हो बाई, लागला घाट... हो, हळूच." मारवाडी घरातली रीत, आईला बाई म्हणायची. फोन ठेवला आणि त्याचा चेहराच बदलला. धुकं काचेवर येऊन बसलं. भूमिकाच्या मांडीवरचे चारही फोन एकामागून एक मुके झाले. एका अवघड वळणावर त्याने गाडी अगदी सावकाश घेतली आणि समोरून कुणीही येत नसताना एकदा हॉर्न वाजवला.

घाट संपल्यावर तोच बोलला.

"माझा मोठा भाऊ. पुनीत. त्या वळणावरून गाडी खाली गेली त्याची. लगेच नाही गेला तो... बोलत होता म्हणे. गुरं चारणाऱ्या एकाने बघितलं. त्या गुराख्याच्या खिशात फोन होता..."

"रेंज नव्हती," भूमिका हळूच म्हणाली.

"पार खालपर्यंत पळत आला बिचारा, तेव्हा कुठे फोन लागला. तेव्हापासून मी घाटात शिरलो की बाई उंबऱ्यात येऊन बसते. मोलगीला पोहोचून माझा फोन जाईपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही."

मग भूमिकाने आपलं काम सांगितलं. या भागासाठी एक टॉवर मंजूर झाला होता. त्यावर साधा मोबाईल चालणार होता आणि त्याच खांबावर पोलीस, रुग्णवाहिका, पूर-दरडीची पथकं यांचं वायरलेस बसणार होतं. पुढे येणारी नवी यंत्रणाही त्यावरच चढणार होती. तो कुठे उभा करायचा, हे मोजमाप करून तिने ठरवायचं होतं.

तरुणने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"म्हणजे... घाटात रेंज येईल?"

तेव्हाच 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. पण तो ज्या डोळ्यांनी बघत होता त्या डोळ्यांसमोर तिला ते जमलं नाही.

"बघू," ती म्हणाली.

त्याने 'हो' ऐकलं.

त्यानंतर कंपनीची जीप दुरुस्त होऊनही भूमिका पिकअपनेच डोंगर चढू लागली. कारण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, रस्ता त्याला चांगला माहीत आहे. तो अँटेनाचा खांब धरून पावसात उभा राहायचा आणि लॅपटॉप भिजू नये म्हणून स्वतःचा रेनकोट काढून तिच्या डोक्यावर धरायचा. चहाच्या टपरीवर दोघांच्या कपांतून वाफ निघायची, आणि त्या वाफेआडून तो बघतोय हे तिला न बघताच कळायचं.

एकदा चिखलात तिचा पाय सटकला. "ओ माय वं!" ती ओरडली आणि त्याने तिला दंडाला धरून सावरलं.

"अरे! मॅडमले अहिरानी येस?"

"काबर नही येवाव? तापीकाठनी शे मी. परकाशाजवळनी. आम्हनं केळीनं वावर शे तठे."

"मग इतला दिन मन्हासंगे पुस्तकनी भाषा काबर बोली ऱ्हायनी व्हतीस?"

"तू बी तेच बोली ऱ्हायना व्हता..."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दंडावरचा हात त्याने जरा उशिराच काढला, आणि तिने तो काढ असं म्हटलं नाही.

एका दुपारी तो तिला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईने, अनोखीबाईंनी, गरम फुलके वाढले. किडकिडीत बाई, पांढऱ्या दोऱ्याने फोन गळ्यात अडकवलेला. मुलगा समोर बसलेला असतानाही त्यांची बोटं त्या फोनवरच होती. तूप वाढता वाढता त्या थांबल्या.

"बेटा, घाटात टावर लावणारी तूच ना?"

भूमिकाने उचललेला घास ताटात परत ठेवला. तरुण आईकडे बघून हसत होता – इतका निर्धास्त, इतका आनंदात, की तिने खाली बघून नुसती मान हलवली. ती मान कशी हलली, होकाराची की नकाराची, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मोजमाप पुढे सरकलं तशी तिची झोप उडाली. जागा दोनच होत्या. एक घाटाच्या वळणावरची टेकडी. तिथून सगळा घाट सापडत होता, पण मागचा डोंगर आडवा येत होता. पलीकडे काहीच पोहोचत नव्हतं. दुसरी, निंबबारीचा माथा. तिथून पलीकडचे सगळे पाडे उजळत होते – आणि घाट तसाच अंधारात राहत होता. टॉवर एकच.

निंबबारीला ती एकटीच गेली. पायवाट संपते तिथे भीमसिंगचं घर होतं. म्हातारा गडी, माथ्यावरची जमीन त्याची. त्याने तिला खाटेवर बसवलं आणि कुडाला टेकवून ठेवलेला एक लांब बांबू दाखवला. दोन्ही टोकांना दोरीचे वळ पडले होते.

"ही आमची गाडी," तो म्हणाला. "माणूस आजारी पडला का याला झोळी बांधतो, खांद्यावर घेतो. रस्ता लागेपर्यंत चालतो. रस्त्यावर गाडी असली तर असली. माझी सून याच्यातच गेली. बाळंतपणाची होती." त्याने बांबूवरून हात फिरवला. "फोन लागला असता तर गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिली असती, बाई. नुसती उभी राहिली असती तरी पुष्कळ होतं."

उतरताना भूमिका एका दगडावर बसली आणि खूप रडली. काय करायचं हे तिला त्या खाटेवरच कळलं होतं.

तरुणला तिने टपरीवर सांगितलं. आडवळणाने सांगणं तिला जमत नव्हतं.

"टॉवर निंबबारीवर होणार, पलीकडच्या पाड्यांसाठी. घाटात रेंज येणार नाही."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "तू म्हणाली होतीस..."

"मी 'बघू' म्हणाले होते."

"मी बाईला सांगून बसलोय, भूमिका. ती शेजारणींना सांगत सुटलीय." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुला माहीत होतं. आमच्या घरी जेवलीस, तेव्हाही तुला शंका होती. हो ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कारण तू हसत होतास," ती म्हणाली. "मला ते थोडं आणखी बघायचं होतं."

तो उठला. चहा तसाच ठेवून, धुक्यात पिकअप घेऊन निघून गेला. मग तिचा फोन उचलेना. ती कंपनीच्या जीपने डोंगर चढू लागली. अहवालाखाली तिने घाटासाठी एका छोट्या यंत्राची वेगळी मागणी जोडली. वरून उत्तर आलं – सध्या तरतूद नाही.

भाद्रपद गेला. टॉवरचं लोखंड घेऊन आलेला ट्रक शेवटच्या चढाला रुतला आणि ठेकेदार डोक्याला हात लावून बसला. तेव्हा खालून एक ओळखीची पिकअप घरघरत वर आली. तरुण उतरला, ट्रकमधले लोखंडी अँगल आपल्या गाडीत चढवू लागला. तिच्याकडे न बघता.

"तू कशाला आलास?" भूमिकाने विचारलं.

"भीमसिंगकडे गेलो होतो. तुला खोटं पाडायला." त्याने एक अँगल खांद्यावर घेतला. "त्याने मला पण बांबू दाखवला."

रस्ता संपतो तिथून वर, पाड्यातली माणसं आणि तो, सगळ्यांनी मिळून लोखंड वाहिलं. त्याच्या खांद्याची साल निघाली. तिने हळद लावली तेव्हा तो कळवळला नाही. फक्त तिच्या मनगटावर क्षणभर गाल टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

दिवाळीनंतर टॉवर सुरू झाला. आठवडाभरातच एका पाड्यातून एकशे आठला फोन गेला. बाई अडली होती. झोळी रस्त्याला पोहोचली तेव्हा रुग्णवाहिका दिवा फिरवत उभी होती. तरुण त्याच रस्त्यावरच्या बाजारात माल उतरवत होता. त्याने ते पाहिलं. तिथूनच त्याने भूमिकाला फोन लावला आणि लागला. "तुन्हं खरं व्हतं," एवढंच म्हणाला.

पण काम संपलं की इंजिनिअरचं गावही संपतं. तिला गडचिरोलीकडच्या डोंगरांत जायचा आदेश आला. शेवटच्या दिवशी तपासणी आटोपून ती त्याच्या गाडीतून डोंगर उतरत होती. घाटात, पुनीतच्या वळणाच्या अलीकडे, त्याने गाडी थांबवली. इथे तो कधीच थांबत नसे. बोलतही नसे.

"बोल," तो म्हणाला. "आठे कोणाच फोन येवाव नही."

दुपारचं ऊन फिकं पडलं होतं. दरीतून सागाच्या वाळल्या पानांचा आवाज येत होता.

"मन्हासंगे चाल," भूमिका म्हणाली. कितीतरी दिवस जपलेलं ते एवढंसंच निघालं. "मन्हं तुन्हावर... तुले माहीत शे."

"माले बी तेच सांगनं व्हतं. त्या चार फोनपासून."

"मग?"

"तू ऱ्हाय ना आठे."

"तुन्ही माय मन्हं नाव लेस का?"

घाटात टॉवर होणार नाही हे कळलं त्या दिवसापासून अनोखीबाईंनी तिचं नाव घेतलं नव्हतं. वाईटही बोलल्या नव्हत्या. फक्त तो घाटात शिरला की उंबऱ्यात बसत होत्या, पूर्वीसारख्याच. त्या घरात ताटावर बसायचं आणि रोज ते बघायचं... भूमिकाला ते झेपलं नसतं.

तरुणने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "तू 'चाल' म्हण. मी आज येस. स्टँडवरूनच एसटीत चढस. पण ठरावनं तुले पडी. माले नही जमत."

"स्टँडवर सांगते," ती म्हणाली. आणि त्याने तिचा हात हातात घेतला तो घाट उतरेपर्यंत, गिअर बदलायलासुद्धा, सोडला नाही.

अक्कलकुव्याच्या स्टँडवर नंदुरबारची गाडी लागलेली होती. तरुण पाण्याची बाटली आणायला गेला. भूमिका बॅग वर ठेवून खिडकीशी बसली, तर खाली अनोखीबाई उभ्या. खापरहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेल्या. पदर विस्कटलेला, हातात डबा. त्यांनी डबा खिडकीतून आत दिला. मेथीचे ठेपले होते, अजून कोमट.

"निंबबारीची बाई सुटली म्हणे. पोर पण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंस तू."

भूमिकाने डबा मांडीवर घट्ट धरला. आणि मग खिडकीचा गज धरून, मान उंच करून, लहान मुलासारख्या भ्यालेल्या आवाजात त्यांनी विचारलं –

"म्हारा छोऱ्याला नेत तर नाहीस ना, बेटा?"

स्टँडवर केवढा गोंगाट होता. कंडक्टर घंटी ओढायच्या बेतात होता. पलीकडून तरुण बाटली घेऊन गर्दीतून वाट काढत येत होता, नजर तिच्यावर खिळवून.

"नाही मावशी," भूमिका म्हणाली. "मी एकटीच जातेय."

अनोखीबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला आणि त्या बाजूला सरल्या.

तरुण खिडकीशी आला. त्याच्या भुवया किंचित वर गेल्या. भूमिकाने मान हलवली. या वेळी ती कशी हलली याबद्दल दोघांनाही शंका राहिली नाही. त्याने बाटली तिच्या हातात दिली. बोटं बोटांना लागली... घंटी वाजली.

त्या दोघींत काय बोलणं झालं हे त्याला कधीच कळलं नाही. अनोखीबाईंनी सांगितलं नाही, आणि भूमिकाने सांगणं शक्य नव्हतं. ती निघून गेली ती कामावरच्या प्रेमापोटी, असंच तो समजून राहिला.

तळोदा येईपर्यंत रडायचं नाही, असं भूमिकाने ठरवलं होतं. गाडी अक्कलकुव्याच्या शेवटच्या घरांपर्यंतही पोहोचली नव्हती, तोच तो निश्चय मोडला.