न ठेवलेला आवाज

पाहुण्याला स्वतःचं घर नसतं आणि हे त्याला कळूही द्यायचं नसतं, एवढंच धाकटीच्या कामाचं सार. एका मोठ्या संगणकाच्या पोटात कितीतरी भासमान संगणक नांदत असतात. या पाहुण्यांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपल्याला आपली हक्काची डिस्क आहे. खरं म्हणजे ती यजमान संगणकावरची एक लांबलचक फाइल. पाहुणा म्हणतो, हा तुकडा ठेव. यजमान ठेवतो. मग शहाणा पाहुणा पुन्हा विचारतो, नक्की ठेवलास? आणि खरोखर ठेवल्याशिवाय यजमानाने ‘हो’ म्हणायचं नाही. एवढा शब्द पाळला की बाकीचं सगळं निभतं. धाकटी तो पाळायला लावत असे.

घरातलं शेंडेफळ म्हणून ती धाकटी. दादाने एकदा ऑफिसात फोन करून तिला याच नावाने हाक मारली आणि इथेही तेच चिकटलं.

दादा मैदानांवरून सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावंच लागेल, म्हणून डॉक्टरांनी आधी आवाज साठवून ठेवायला सांगितलं होतं. पुढे दादा टाइप करील आणि यंत्र त्याच्या आवाजात बोलेल. धाकटीच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एक छोटा स्टुडिओ होता. तिथलं ध्वनिमुद्रण तिच्या एका पाहुण्याच्या डिस्कवर जमा होई.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी स्टुडिओच्या काचेपलीकडून दादाने वाचायच्या वाक्यांचा कागद हलवला.

“शेवटचं वाक्य बघ. ‘मला पाणी हवं आहे.’ जन्मभर ‘गोल!’ ओरडलो आणि शेवट पाण्यावर?”

“चहा म्हण मग.”

“नको. यंत्राला चहाची चटक लागली तर बिल तुझ्या वहिनीला.”

त्याने वाक्य वाचलं. तेवढ्यात सगळ्या इमारतीची वीज गेली. मोबाइलच्या उजेडात पायऱ्या उतरून दादा थेट इस्पितळात दाखल व्हायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना, शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी धाकटीपाशी येऊन उभा राहिला. कामाच्या वेगामुळे सगळे त्याला सुसाट म्हणत. आज मात्र त्याचे पाय जड झाले होते.

“धाकटे, एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“असं म्हणालास की मी आधीच रागावते. बोल.”

“मुद्रण मध्येमध्ये अडखळत होतं. म्हणून मी त्या पाहुण्याची डिस्क बिनभरवशाच्या पद्धतीवर टाकली होती.”

तिला पुढचं ऐकायची गरज नव्हती. त्या पद्धतीत यजमान न ठेवताच ‘ठेवलं’ म्हणतो. तुकडे नुसते तात्पुरत्या स्मृतीत साचत राहतात. वीज गेली की सगळं पुसलं जातं.

“किती गेलं?”

“परवापासूनचं. म्हणजे... सगळंच.”

“आत्ता तिकडे त्याचा गळा उघडलाय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. सुसाटला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिने पाहुण्याला बंदच ठेवलं आणि त्याची डिस्क यजमानाकडून, फक्त वाचण्यापुरती, उघडली. न ठेवलेल्या तुकड्यांच्या जागी शून्यांची भगदाडं असणार होती. किती मोठी, एवढंच बघायचं होतं.

भगदाड एकही नव्हतं. परवापासूनचं प्रत्येक वाक्य जागच्या जागी होतं.

“वाचलो!” सुसाटने कपाळावरचा घाम पुसला.

“हरवलेलं सापडलं तर हसावं. न ठेवलेलं सापडलं तर थांबून बघावं,” ती म्हणाली. तिने यजमानाच्या नोंदी चाळल्या. वीज जाईपर्यंत त्यातला एकही तुकडा डिस्कपर्यंत पोचला नव्हता.

तिने शेवटचं मुद्रण लावलं. ‘मला पाणी हवं आहे.’ मग खट्ट. मग कुणीतरी म्हणालं, “गेली वाटतं वीज.” खुर्च्या सरकल्या. दादाचा खोकला आला, दार लागलं. वीज नसलेल्या माइकने हे सगळं ऐकलं होतं. नंतर बराच वेळ रिकाम्या खोलीची शांतता.

आणि मग दादाचा आवाज. खरखर नसलेला, ऐन उमेदीतला.

“मैदान रिकामं झालंय, मंडळी. पण सामना अजून संपलेला नाही.”

तिने बंद केलं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

“नीट पार पडलं गं. झोपलेत. आवाज आहे ना त्यांचा?”

“आहे, वहिनी. सगळा आहे.” खोटं ‘हो’ तिने आयुष्यात कधी दिलं नव्हतं. आजही दिलं नाही.

दुपारी ती इस्पितळात गेली. पडद्यातून पिवळट ऊन येत होतं. दादाच्या गळ्याला पट्ट्या होत्या, मधून एक नळी निघाली होती. वहिनी जरा पाय मोकळे करायला बाहेर गेली. धाकटीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि ऑफिसच्या यजमानाशी जोडून घेतला. आधी ती खोटी पद्धत बंद करायची, मग दोन ठिकाणी प्रती काढायच्या. तिला तिचं काम ठाऊक होतं.

पद्धत बदलली. आता यजमान खोटं बोलणार नव्हता.

पाहुणा अजून बंदच होता. तरी त्याच्या डिस्कवरच्या लेखनाचा आकडा हलत होता. तिने पुन्हा पाहिलं. एक तुकडा येई, आणि त्याच्यामागोमाग तो ठरलेला प्रश्न: नक्की ठेवलास?

विचारणारं कुणी नव्हतं.

यजमान दर वेळी खरंच ठेवत होता आणि ‘हो’ म्हणत होता.

शेवटच्या मुद्रणाची लांबी वाढत चालली होती. तिने कानात हेडफोन घातले आणि फाइलीच्या टोकाशी जाऊन ऐकलं.

“...खिडकीत ऊन आहे. पलंगावरचा गडी शांत पडलाय. नळी जागेवर आहे.”

तिने मान वर केली.

दादाचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. नळीतून नुसती हवा येत-जात होती, पण ओठ शब्दाशब्दाला जुळत होते.

“दादा,” ती हळूच म्हणाली.

“बहिणीने हाक मारलीय,” कानात आवाज आला.

ओठ मिटले. ते पुन्हा हलले नाहीत. छाती संथपणे वरखाली होत राहिली.

आकडा मात्र थांबला नाही.

“गडी झोपला,” आवाज म्हणाला, जवळून, प्रेमाने. “आता धाकटी दाराकडे बघतेय.”

धाकटी अजून दाराकडे वळली नव्हती.